लाथ मारण्याआधी



कोल्हापुरात, तेही तालमीच्या अंगणात उभं राहून अंगमेहनतीवर बोलायचं म्हणजे धाडसच. त्यातून मी पेशानं फिजिओथेरपिस्ट, म्हणजे माणसाला मोडल्यावर जिची आठवण होते अशी. कॉलेजात ज्युदो खेळले, पुढे थोडं कराटे शिकले. या विषयावर बोलायला माझ्यापाशी एवढंच भांडवल आहे.

ज्या वस्तादांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या हाताखालचे काही पैलवान आता साठी ओलांडून माझ्याकडे गुडघे दाखवायला येतात. ते सांगतात, नवं पोरगं तालमीत आलं की वस्ताद त्याला डाव शिकवत नसत. फावडं हातात द्यायचे आणि हौदा उकरायला लावायचे. रोज. माती भुसभुशीत झाली की त्यात तेल, ताक, हळद, कापूर मुरवायचा. पोरं कंटाळायची, काही तर पळूनही जायची. जी टिकायची त्यांची कंबर, खांदे आणि हाताची पकड पहिल्या डावाच्या आधीच तयार झालेली असायची. शिवाय ज्या मातीवर पुढे आपटायचं आहे ती मऊ करण्याचं कामही त्यांचंच. उद्या आपल्यालाच त्यात पडायचंय म्हटल्यावर उकरण्यात कोण हयगय करील?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वेगळीच मंडळी येऊ लागली आहेत. बँकेतले अधिकारी, संगणकावर दिवस काढणारी मुलं, दोन बाळंतपणांनंतर वजन उतरवायचं म्हणून जिमला जाणाऱ्या बायका. कोणाचं मनगट सुजलेलं, कोणाचा गुडघा लचकलेला, कोणाचा खांदा वर जात नाही. काय करत होता विचारलं की उत्तर येतं: किकबॉक्सिंग. कुठे कार्डिओ किकबॉक्सिंग म्हणतात, कुठे एमएमए फिटनेस. पाऊण तास मोठ्या आवाजात गाणी चालू, समोर आरसा, आणि पंचवीस-तीस माणसं एका तालात ठोसे आणि लाथा मारताहेत.

यात मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. या माणसांना कोणीही मारलेलं नसतं. कुस्तीत, बॉक्सिंगमध्ये, ज्युदोत दुखापत होते तेव्हा समोर दुसरा माणूस असतो, त्याचं वजन असतं, त्याची जिद्द असते. इथे समोर बहुधा हवा असते, फार तर टांगलेली बॅग. तरी मार लागतो. तो कसा लागतो, हाच आजचा विषय.

आधी एक स्पष्ट करते. या वर्गांना नावं ठेवायला मी आलेली नाही. अमेरिकेत बिली ब्लँक्स नावाच्या कराटेपटूनं तायक्वांदो आणि बॉक्सिंग एकत्र करून संगीतावर बसवलं, त्याला तायबो असं नाव दिलं, आणि 1990च्या दशकात त्याच्या व्हिडिओ कॅसेट घराघरांत गेल्या. आजच्या पुष्कळशा वर्गांचं मूळ तिथे सापडतं. जन्मात कधी मूठ आवळली नव्हती अशा लाखो बायकांनी त्या निमित्तानं मूठ आवळली. ज्या हौद्यात बाईनं पाय ठेवू नये असा दंडक होता त्याच्या शेजारी उभं राहून मी हे बोलते आहे, तेव्हा त्या मुठीची किंमत मला नीट कळते. दमसास वाढतो, घाम निघतो, मन हलकं होतं. हे सगळं खरं आहे.

पण लढण्याच्या प्रत्येक विद्येचे दोन भाग असतात. एक भाग मारण्याचा. दुसरा भाग मारलेलं परत आणण्याचा, तोल सांभाळण्याचा, आणि तोल गेलाच तर नीट पडण्याचा. पहिला भाग देखणा, आरशात छान दिसणारा. दुसरा कंटाळवाणा, आणि माणूस शाबूत ठेवतो तो हाच. फिटनेसच्या वर्गानं पहिला भाग उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला.

मुठीपासून सुरू करू. करंगळीच्या मागे तळहातात जे बारीक हाड असतं त्याची मान मोडली की डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. गंमत म्हणजे मुरलेल्या बॉक्सरचं ते हाड क्वचित मोडतं. मोडतं ते रागानं दारावर, भिंतीवर ठोसा हाणणाऱ्याचं, किंवा पहिल्याच दिवशी बॅगवर तुटून पडणाऱ्याचं. कारण साधं आहे. शिकलेला माणूस तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मुळाशी असलेल्या दोन गाठींवर आघात घेतो. त्या गाठी आणि मनगट एका रेषेत ठेवले की जोर सरळ कोपराकडे, खांद्याकडे निघून जातो. न शिकलेल्याचा हात गोल फिरत येतो, मनगट आत वळतं आणि सगळा भार त्या बाहेरच्या नाजूक हाडावर पडतो. बॉक्सर ग्लोव्हच्या आत हाताला कित्येक फूट लांब पट्टी गुंडाळतात. ती मनगटाला आधार देते आणि तळहाताची बारीक हाडं एकत्र बांधून ठेवते. जिममध्ये घामट सामायिक ग्लोव्ह मिळतात. पट्टी बांधायला सात-आठ मिनिटं लागतात आणि तोवर गाणं सुरू झालेलं असतं.

हवेत मारलेला ठोसा निरुपद्रवी वाटतो. वास्तविक बॅग हाताला थांबवते, हवा थांबवत नाही. हात पूर्ण वेगानं पुढे गेला आणि कोपर ताठ झालं की तो झटका सांध्यालाच सोसावा लागतो. म्हणून कोपर शेवटच्या क्षणी किंचित वाकलेलं ठेवायचं, आणि हात गेला त्याच वाटेनं हनुवटीपाशी परत आणायचा. बॉक्सर हात परत आणतो तो स्वतःचा चेहरा वाचवायला. फिटनेसच्या वर्गात तुमच्या चेहऱ्यावर कोणी ठोसा मारणार नसतो, त्यामुळे हात परत आणायचं कारणच उरत नाही. तो लोंबकळतो, पुढचा ठोसा कमरेतून न येता नुसत्या खांद्यातून फेकला जातो, आणि महिन्याभरात खांदा बोलू लागतो. प्रतिस्पर्धी नसणं ही सोय आहे असं आपण समजतो. पण चूक केलीत तर लगेच दाखवून देणारा तोच असतो, आणि तोच इथे गैरहजर.

आता लाथ. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक गुडघे इथले. समोरची लाथ, कराटेत जिला माए-गेरी म्हणतात, तिचे चार टप्पे आहेत: गुडघा वर, नडगी पुढे, नडगी मागे, पाय खाली. जुने शिक्षक पहिला आणि तिसरा टप्पा महिनोन् महिने घोटून घेतात. पाय पुढे फेकणं मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम, त्याला आवरणं मांडीच्या मागच्या स्नायूचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा हा मागचा स्नायू आखडलेला आणि दुबळा असतो. तो वेळेवर आवरू शकला नाही की गुडघा मागच्या बाजूला ताणला जातो किंवा तो स्नायूच फाटतो. दोन्ही प्रकार मी पाहते, आणि दोन्ही वेळा पेशंट म्हणतो, “मॅडम, मी तर हवेत लाथ मारत होतो.”

बाजूनं फिरवून मारायची लाथ, राउंडहाऊस, आणखी अवघड. ती मारताना लक्ष द्यायचं ते उचललेल्या पायाकडे नव्हे, जमिनीवरच्या पायाकडे. कंबर फिरते तेव्हा उभा पायसुद्धा चवड्यावर फिरला पाहिजे, इतका की टाच जवळपास लक्ष्याच्या दिशेला यावी. टाच चिकटून राहिली तर वर कंबर फिरते, खाली पाऊल फिरत नाही, आणि पीळ बसतो मधल्या गुडघ्याला. गुडघा मुख्यतः पुढे-मागे हलणारा सांधा आहे. त्याला पिळून घ्यायची सवय नसते. गादी फाटते, कधी लिगामेंट जाते. मग वर्षभर सायकल आणि रबरी पट्टे.

इथे जमीन आणि बूट यांचा संबंध येतो, आणि हा मुद्दा कोल्हापूरकरांना मी समजावून सांगायला नको. खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवर लढावं लागलं. फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटचा आणि तिथल्या नियमांचा अभ्यास करून 1952 साली हेलसिंकीला गेले आणि ब्राँझ घेऊन आले. मातीत पाय सरकतो, मॅटवर बुटाचा तळ धरून ठेवतो. खाशाबांसारख्या मल्लालाही जमीन बदलल्यावर पायांचा हिशेब नव्यानं करावा लागला. आपल्या जिममध्ये मात्र रबराची फरशी, त्यावर पळण्याचे जाड तळाचे बूट, आणि वर फिरती लाथ. पळण्याचा बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो, घसरू नये म्हणून मुद्दाम पकड दिलेला. त्याच पकडीमुळे पाऊल फिरत नाही. कराटे आणि ज्युदो अनवाणी करतात त्यात परंपरेचा भाग आहेच, पण गुडघ्याचाही आहे.

आणि संगीत! गाण्याला मी काय नावं ठेवणार, जोर काढतानाही हलगी वाजली की अंगात येतं. पण ताल सगळ्यांना एकच. ज्याची लाथ अजून चार टप्प्यांतही नीट पडत नाही तो तालात राहायचं म्हणून दोनच टप्प्यांत मारतो, आणि गाळतो ते नेमकं तिसऱ्याला, परत आणण्याला. दमल्यावर तर विचारूच नका. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांचे गुडघे आत वळलेले असतात, आणि तेव्हाच शिक्षक माइकवरून ओरडत असतो, अजून जोरात!

दमसास लवकर वाढतो. काही आठवड्यांत फरक जाणवतो, स्नायूही महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात. कंडरा आणि लिगामेंट मात्र फार सावकाश बदलतात, त्यांना कित्येक महिने लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्यातला माणूस सगळ्यात धोक्यात असतो. त्याला वाटतं आपण तयार झालो. छाती तयार झालेली असते, सांधे अजून पहिल्या महिन्यातच असतात. पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ उड्या मारताना टाचेमागची कंडरा तुटून येतात, ती याच घाईमुळे. कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं, असं सगळे सांगतात. मागे वळून पाहावं तर कोणी नसतं.

ब्रूस ली तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्याची सगळ्यात मोठी दुखापत कुठल्या लढतीत झाली नाही. 1970 साली तो नेहमीचा व्यायाम करत होता, वजनाची कांब मानेमागे खांद्यांवर घेऊन कमरेतून पुढे वाकण्याचा. त्या दिवशी अंग पुरेसं गरम केलं नव्हतं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पाठीच्या खालच्या भागातली नस दुखावली. पुन्हा लाथ मारता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. अनेक महिने तो अंथरुणाला खिळून होता आणि त्या काळात त्यानं आपल्या विद्येवर वह्या भरून टिपणं काढली. त्याच्या मृत्यूनंतर 1975 साली निघालेल्या ‘ताओ ऑफ जीत कून दो’ या पुस्तकात ती टिपणं आली. पुढे तो उभा राहिला, लाथाही मारल्या, पण पाठदुखीनं त्याला सोडलं नाही. लढण्याच्या तंत्रात त्याचा हात धरणारा नव्हता. घात केला तो पूरक व्यायामानं, ज्याकडे आपण तंत्र म्हणून पाहतच नाही.

दुसऱ्या भागाचा, पडण्याचा, सगळ्यात खोल विचार केला तो ज्युदोनं. जिगोरो कानो हा मुळात शिक्षक. 1882 साली तोक्योतल्या एइशोजी या देवळात बारा चटयांच्या जागेत त्यानं कोदोकान सुरू केलं. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यानं सरावाच्या लढतीतून काढले, आणि पडणं हा विषय शिक्षणाच्या सुरुवातीला आला. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल. श्वास सोडायचा. आणि आख्ख्या हातानं चटईवर थाप मारायची, म्हणजे आघात एका ठिकाणी न बसता पसरतो. मुख्य म्हणजे पडताना हात मागे टेकवायचा नाही. 1814 साली डब्लिनच्या अब्राहम कोलीस या शल्यवैद्यानं मनगटाच्या एका मोडीचं वर्णन केलं. पसरलेल्या हातावर पडलं की ती होते. आज दोनशे वर्षांनीही न्हाणीघरात घसरलेल्या आमच्या मावश्या-काकू तीच मोड घेऊन येतात.

आता माझ्याच खेळाची दुसरी बाजू सांगते, नाहीतर जुनं ते सगळं सोनं असा तुमचा समज व्हायचा. जपानच्या शाळांत 1983पासून पुढच्या साधारण तीन दशकांत ज्युदो शिकताना शंभराहून अधिक मुलं दगावली. नागोया विद्यापीठातले अभ्यासक उचिदा र्‍यो यांनी नोंदी धुंडाळून ही गोष्ट जगापुढे मांडली. मृत्यू बहुतेक डोक्याच्या मारानं. बळी प्रामुख्यानं पहिल्या वर्षाची मुलं, ज्यांची उकेमी कच्ची होती. ओसोतो-गारी नावाचा डाव आहे, पाय मागून झाडून सरळ पाठीवर आपटण्याचा, तो पुन्हा पुन्हा निमित्त ठरला. जिथे पडण्याचं शास्त्र जन्मलं त्याच देशात हे घडलं. कारण शाळांतल्या शिक्षकांना मुलांचा निकाल हवा होता, शिस्त हवी होती. मूल डोकं दुखतंय म्हणालं तर त्याला ते आळशी समजले. फ्रान्समध्ये ज्युदो खेळणारे जपानपेक्षा जास्त, पण तिथे मुलांच्या मृत्यूंची अशी रांग नाही. तिथे 1955 सालापासून ज्युदो शिकवण्याच्या व्यवसायाला कायदा आहे, पदविका असल्याशिवाय पैसे घेऊन शिकवता येत नाही. जपानमध्येही गवगवा झाल्यावर महासंघानं शिक्षकांचं प्रशिक्षण आणि नियम कडक केले आणि मृत्यू घटले. विद्या तीच होती, मुलंही तशीच. बदलला तो शिकवणारा.

आपल्याकडे असा कायदा नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका मिळते, पण ती नसताना गाळा घेऊन, चार बॅगा टांगून ‘कॉम्बॅट फिटनेस’चा फलक लावायला कोणी अडवत नाही. शिकवणारा मुलगा बहुधा भला असतो, स्वतः पिळदार असतो, आणि त्याला त्याच्या मालकानं सांगितलेलं असतं की गिऱ्हाईक घामाघूम होऊन गेलं पाहिजे. तंत्र शिकवलं तर घाम कमी निघतो. पहिला महिना पट्टी बांधणं, उभं राहणं आणि पाय फिरवणं यातच जातो, आणि पहिल्या महिन्यात निकाल दिसला नाही तर लोक दुसऱ्या महिन्याची फी भरत नाहीत. दोष एकट्या त्या मुलाला देऊन भागणार नाही. फी भरणारेही आपणच.

तालमीबद्दल कडू बोलले नाही तर ते पक्षपाताचं होईल. मोडलेले कान मिरवायची आपल्याकडे पद्धत आहे. संख्येचा सोसही आपलाच: अमक्यानं हजार बैठका मारल्या, तमक्यानं दोन हजार जोर. सवय नसलेल्या पोरानं ईर्ष्येनं एका दिवशी शेकडो बैठका मारल्या तर स्नायू विरघळून त्याचा मळ मूत्रपिंडात अडकतो, लघवी काळसर होते. मग थंडाई नको, थेट दवाखाना हवा. माणसाला दुखतंय की त्याला इजा झाली आहे, हे ओळखणारी नजरही सगळ्या वस्तादांपाशी नव्हती. मेहनतीचं दुखणं दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना, मांसात असतं आणि तीन दिवसांत उतरतं. सांध्यात, एकाच बाजूला, एका बोटानं दाखवता येईल असं दुखणं निराळं. त्यावर मेहनत हा उपाय नव्हे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव हे जाणत होते. ते जितके व्यायामगुरू म्हणून गाजले तितकेच हाडवैद्य म्हणूनही. अंग घडवणारा आणि मोडलेलं बसवणारा एकच असला की तो शिष्याकडून काय करून घ्यायचं नाही हे आधी शिकतो.

म्हणून तुमच्यापैकी जे उद्या सकाळी असल्या वर्गाला जाणार आहेत त्यांना माझं सांगणं आहे, पैसे भरण्याआधी एक तास कोपऱ्यात उभं राहून वर्ग बघा. शिक्षक स्वतः आरशासमोर नाचतो आहे की लोकांमध्ये फिरतो आहे? कोणाची टाच, कोणाचं मनगट हातानं धरून सरळ करतो आहे का? नव्या माणसाला मागे संथ लयीत वेगळं उभं केलं आहे का? एखाद्यानं दुखतंय म्हणून हात वर केला तर त्याला थांबवतो की टाळ्या वाजवून पुढे रेटतो? यंत्रं, वातानुकूलन, भिंतीवरची चित्रं यांच्याकडे नंतर पाहा.

आणि एक मागणं या तालमीच्या चालकांपाशी. 2007 साली नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की युद्धकलेतल्या पद्धतीनं कुशीवर पडलं तर खुब्यावरचा आघात कमी होतो. तिथे वयस्कर माणसांना पडायला शिकवण्याचे वर्ग भरतात. उतारवयात मोडलेला खुबा माणसाला घरात कसा जखडतो हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तुमच्याकडे हौदा आहे, उकरलेली मऊ माती आहे, आणि संध्याकाळी पोरं मैदानावर गेली की तो रिकामा असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ तो पन्नाशीपुढच्या बायका-पुरुषांना द्या. लाथ नको, डाव नको. गुडघ्यावरून कुशीवर, मग उकिडव्यानं, मग उभ्यानं, एवढंच पडायला शिकवू. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांना आधी डॉक्टरांना विचारून घेऊ आणि गाद्या घालू. शिकवायला मी येते, फी नको. येत्या सोमवारपासून सुरू करता आलं तर आजच नावं लिहून घ्या.